विस्तव राखण्याचे शास्त्र

काडेपेटी घरोघरी सहज मिळू लागण्यापूर्वी महाराष्ट्रातील खेड्यांत दिवसाच्या कामांची अखेर विस्तव राखण्याने होत असे. रात्रीची जेवणे उरकली, भांडी घासून पालथी पडली, की घरची कर्ती बाई चुलीतील अर्धवट जळालेली लाकडे बाहेर ओढून विझवी, निखारे एका कोपऱ्यात जमवी, त्यांत एखादी गोवरी खुपशी आणि वर राखेचा जाड थर पसरी. पहाटे राख बाजूला सारली की आत लाल निखारा तयार असे. त्यावर चार काटक्या ठेवून फुंकणीने फुंकर घातली की चूल पेटे. ज्या घरचा विस्तव रात्री विझे, त्या घरचे मूल सकाळी खापरी घेऊन शेजारी विस्तव मागावयास जाई. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पण रोज जावे लागणाऱ्या घराविषयी बायका आपापसांत बोलत, हेही खरे.

आपल्याकडे ही सोयीची बाब होती. स्वीडन, नॉर्वे, रशिया, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग किंवा आपल्याच देशातील काश्मीर, लडाख व लाहौल-स्पिती येथे ती जगण्याची बाब आहे. तेथे हिवाळ्याच्या रात्री तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते, नळातील पाणी गोठून नळ फुटतात. घरातील माणसे झोपलेली असताना, कोणीही उठून लाकूड न सारता, शेगडीने सात-आठ तास ऊब द्यावी आणि सकाळी निखारा शिल्लक राहावा, ही तेथील प्रत्येक कुटुंबाची गरज असते. एकदा भरलेले जळण पहाटेपर्यंत कसे पुरवावे, हा प्रश्न त्यामुळे तेथे कारागिरांनी, शास्त्रज्ञांनी आणि काही वेळा सरकारांनीही हाताळला आहे. उत्तर शोधताना चुकाही पुष्कळ झाल्या, आणि त्यांतील काही जिवावर बेतल्या.

लाकूड जळते म्हणजे काय होते

लाकूड पेटते असे आपण म्हणतो; परंतु ज्वाला लाकडाची नसते, लाकडातून निघणाऱ्या वायूंची असते. लाकूड तापू लागले की प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन जाते. सुमारे तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास लाकडाचे विघटन वेगाने होऊन ज्वलनशील वायू व बाष्पे बाहेर पडू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग अशा रीतीने हवेत जातो. उरतो तो कोळसा. हे वायू पूर्णपणे जळावयाचे तर सुमारे सहाशे अंश उष्णता आणि पुरेशी हवा, दोन्ही एकाच वेळी लागतात. यांपैकी एक कमी पडले की तेच वायू धूर म्हणून बाहेर जातात. धूर म्हणजे वाया गेलेले जळण होय.

हा मुद्दा शाळेत दाखविणे अगदी सोपे आहे. जळती मेणबत्ती फुंकून विझवावी. वातीतून पांढरा धूर वर जात असतानाच जळती काडी त्या धुरात, वातीपासून बोटभर उंचीवर धरावी. ज्वाला धुरातून खाली उडी घेते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. धूर हेच इंधन आहे, हे यानंतर मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

वायू संपले की कोळशाची पाळी येते. कोळसा ज्वालेवाचून, सावकाश जळतो आणि त्याला हवा थोडी लागते. रात्रभर टिकावयाचा असतो तो हा टप्पा. आपल्याकडे राखेखाली जपला जाणारा विस्तव याच टप्प्यातील असतो. राखेच्या थरामुळे निखाऱ्याची उष्णता कोंडून राहते आणि प्राणवायू त्याच्यापर्यंत अगदी बेताने पोचतो, म्हणून तो विझतही नाही आणि भडकतही नाही.

ओले लाकूड

रात्रभर चालणाऱ्या शेगडीच्या मार्गातील पहिला अडथळा शेगडीत नसून लाकडाच्या राशीत असतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग पाणी असू शकतो. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि पाणी तापविण्याचा खर्च वेगळा. ही सर्व उष्णता धुराड्यातून बाहेर जाते. याहून मोठा तोटा असा, की पाणी निघून जाईपर्यंत शेगडीचे पोट थंड राहते आणि वायू जळण्याइतकी उष्णता तेथे निर्माणच होत नाही. म्हणून स्कँडिनेव्हियन देशांत पुढील हिवाळ्याचे लाकूड वसंत ऋतूतच फोडून, वरून झाकून व बाजूंनी वारा खेळता ठेवून रचले जाते. ओलाव्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आत आले म्हणजे ते जाळावयास योग्य झाले. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणाला ही वीस टक्क्यांची मर्यादा कायद्यानेच घातली आहे. वाळलेले लाकूड ओळखण्याच्या खुणा मात्र कोणत्याही देशात सारख्याच: टोकांना चिरा पडतात, साल सुटते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता बद्द आवाज न येता खणखणीत येतो. एखाद्या वर्गात बाभळीचा ताजा तुकडा टांगून दर आठवड्याला त्याचे वजन फळ्यावर लिहीत गेल्यास वजन कोठे स्थिर होते ते मुले स्वतःच सांगतील.

लाकडाच्या जातीविषयी बरेच गैरसमज आहेत. सारख्याच वाळलेल्या कोणत्याही लाकडाच्या एका किलोत उष्णता जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो घनतेत. बाभूळ किंवा हिमालयातील बान यांचे लाकूड जड असते, त्यामुळे शेगडीच्या ठरावीक पोटात त्याचे अधिक किलो मावतात आणि निखारा दाट पडतो. पांगारा किंवा सावर तितकीच जागा व्यापून लवकर संपते.

हवा कोंडण्याचा मोह

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती काही महिन्यांतच चौपट झाल्या आणि अमेरिकेतील हजारो कुटुंबे तेलाच्या भट्ट्या सोडून पुन्हा लाकडाकडे वळली. त्या वेळी दार घट्ट बसणाऱ्या, हवा आत येण्याचे तोंड हवे तसे लहान करता येणाऱ्या लोखंडी शेगड्यांचा मोठा खप झाला. विचार साधा होता: हवा कमी केली की आग मंदावते, आग मंदावली की जळण पुरते. रात्री शेगडी गच्च भरावयाची, हवेची झडप जवळजवळ बंद करावयाची आणि झोपावयाचे. सकाळी निखारा असे, हे खरे. परंतु रात्रभर लाकडातून निघालेले वायू न जळताच धुराड्यात गेलेले असत. थंड धुराड्यात ते गोठून आतील भिंतींवर डांबरासारखा चिकट थर बसे. पुढे एखाद्या दिवशी सकाळी कोणी शेगडी जोरात पेटविली की हा थर पेट घेई. धुराड्यातील अशा आगीचे तापमान हजार अंशांवर जाऊ शकते. विटांना तडे जातात, छपराचे लाकूड पेटते आणि घर गमवावे लागते. जळण वाचविण्यासाठी केलेली युक्ती अशी अंगावर येत असे.

म्हणजे हवा कमी करणे चूक नव्हे. ती वेळेपूर्वी कमी करणे चूक आहे. वायूंच्या टप्प्यात आगीला भरपूर हवा व उष्णता हवी. कोळशाच्या टप्प्यात थोडी हवा पुरे. अनुभवी माणसाचे सर्व कौशल्य हे दोन टप्पे ओळखण्यात असते.

रात्रीची भरणी

थंड प्रदेशातील जाणते गृहस्थ निजावयाच्या वेळी शेगडी भरीत नाहीत. त्यापूर्वी अर्धा-पाऊण तास भरतात. आधीची आग जळून निखारे उरलेले असावेत. ते हवेच्या तोंडाकडे, म्हणजे बहुधा दाराच्या बाजूला, ओढून घेतात. तळाची राख पूर्ण काढीत नाहीत. दोन-तीन सेंटिमीटरचा थर मुद्दाम ठेवतात. मग निखाऱ्यांच्या मागे जाड ओंडके एकमेकांना बिलगून रचतात. दिवसा लाकडे मोकळी रचावयाची आणि रात्री दाट, हा त्यांचा नेम. दाट रचलेल्या राशीत आग एका बाजूने शिरून हळूहळू मागे सरकते. मोकळ्या राशीत ती सर्वांना एकदम वेढते.

जाड ओंडकाच का, याचे उत्तर अंकगणितात आहे. दहा सेंटिमीटर रुंद, तितकाच जाड आणि चाळीस सेंटिमीटर लांब असा चौकोनी ओंडका घेतला तर त्याचे एकूण पृष्ठफळ १,८०० चौरस सेंटिमीटर भरते. तोच उभा चिरून चार सारख्या फाटी केल्या तर ते ३,४०० होते. लाकूड तेवढेच, पण आगीला मिळणारे तोंड जवळजवळ दुप्पट. सकाळी चहाचे आधण लवकर यावे म्हणून आपल्याकडे ढलप्या वापरतात आणि हुरड्याच्या किंवा राखणीच्या शेकोटीला बुंधा लावतात, त्यामागचे कारण हेच.

भरणी झाल्यावर झडप पूर्ण उघडी ठेवून लाकडे सर्व बाजूंनी काळी पडेपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटे, ज्वाला खेळू द्यावयाची. त्यानंतर झडप एकदम नव्हे, तर दोन-तीन टप्प्यांत आणि मध्ये काही मिनिटे थांबून कमी करावयाची. प्रत्येक वेळी ज्वाला जिवंत आहे ना, हे पाहावयाचे. ज्वाला विझून आत नुसता धूर घोंगावू लागला, तर झडप अधिक मिटली गेली. बाहेर जाऊन धुराड्याच्या तोंडाकडे पाहणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा: दाट करडा धूर दिसत असेल तर घरातील जळण आकाशात चालले आहे. झडप पूर्णपणे मात्र कधीच मिटावयाची नसते. त्याचे कारण पुढे येईल.

आठ तासांचा हिशेब

पंधरा किलो वाळलेले लाकूड मावेल अशी शेगडी ही बरीच मोठी शेगडी झाली. किलोला ३,५०० किलोकॅलरी धरल्या तर तिच्या पोटात ५२,५०० किलोकॅलरी मावतात. त्यातील सत्तर टक्के खोलीला मिळाल्या तर सुमारे ३६,७५० होतात, आणि आठ तासांत वाटल्या तर ताशी ४,६०० च्या आसपास, म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे पाच किलोवॅट. घराच्या फटींतून आणि पातळ छपरातून याहून अधिक उष्णता बाहेर जात असेल, तर कोणतीही झडप ते घर पहाटे उबदार ठेवू शकणार नाही. फटी बुजविणे आणि छताला आतून अस्तर लावणे हे शेगडी बदलण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते, ही गोष्ट शेगड्या विकणारे सहसा सांगत नाहीत.

शिवाय ही उष्णता सारखी वाटली जात नाही. पहिले तीन-चार तास ज्वालेचे, नंतरचे निखाऱ्याचे. मध्यरात्री पांघरूण फेकून द्यावे इतका उकाडा आणि पहाटे गारठा, ही लोखंडी शेगडीची नेहमीची तक्रार आहे.

उष्णता साठविण्याचा मार्ग

या तक्रारीला स्वीडनमध्ये अडीचशे वर्षांपूर्वी निराळेच उत्तर मिळाले. त्या देशाला अठराव्या शतकात सरपणाची टंचाई जाणवू लागली होती. अधिक बचतीची शेगडी तयार करण्याचे काम कार्ल योहान क्रोन्स्टेड आणि फाबियान व्रेडे यांच्याकडे सोपविण्यात आले आणि १७६७ मध्ये त्यांची रचना पुढे आली. विटांच्या उंच शेगडीत त्यांनी धुराला सरळ वर जाऊ न देता वर-खाली फिरणाऱ्या नळ्यांतून नेले. आग थोडा वेळ, पण मोकळ्या हवेवर जोरात पेटवावयाची. वायू पूर्ण जळतात, धुराची उष्णता विटा शोषून घेतात आणि आग विझल्यानंतर कित्येक तास त्या ऊब देत राहतात. दोन हजार किलो विटा साठ अंशांनी निवतात तेव्हा सुमारे २४,००० किलोकॅलरी खोलीला मिळतात, आणि त्या वेळी घरात विस्तवच नसतो. रशियातील खेड्यांमधील प्रचंड विटांची शेगडी याच तत्त्वावर चाले. तिच्या माथ्यावर घरातील वडीलधारी व लहान मुले निजत.

काश्मीरमधील हमाम हाही याच कुळातील. मशिदींत आणि सुखवस्तू घरांत दगडी फरशांखालील पोकळीत लाकडे पेटवितात. फरशी तापते आणि रात्रभर उबदार राहते. आतील तांब्याच्या भांड्यात गरम पाणीही मिळते. उलट तेथील सर्वसामान्य बुखारी पातळ पत्र्याची असते. ती पाच मिनिटांत खोली तापविते आणि विझली की तितक्याच लवकर निवते. तिच्यात रात्र काढावयाची तर लाकडापेक्षा भुसा बरा, हा तेथील अनुभव आहे. मध्ये उभे भोक राखून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरतात. आग भोकातून बाहेरच्या बाजूला इंच-इंच सरकते आणि मध्ये हात लावावा लागत नाही. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला हे नवे वाटणार नाही. वखारीतून पोत्याने भुसा आणावयाचा, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून तो दाबून भरावयाचा आणि बाटली अलगद काढून घ्यावयाची. अशा भुशाच्या शेगड्यांवर शहरांतील अनेक बिऱ्हाडांचा स्वयंपाक होत असे. बाटली काढताना भुसा ढासळला तर सगळी मेहनत वाया जाई, आणि ते काम बहुधा घरातील मोठ्या मुलाकडे असे.

एका घराचा धूर, गावाची हवा

मंद जळणाऱ्या शेगड्यांचा धूर अंगणापुरता राहत नाही. डोंगरांनी वेढलेल्या गावांत हिवाळ्याच्या रात्री थंड हवा तळाशी साचते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. धूर त्याखाली कोंडतो. अमेरिकेने १९८८ मध्ये नव्या शेगड्यांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांवर मर्यादा घातली. उत्प्रेरक नसलेल्या शेगडीला ती ताशी साडेसात ग्रॅम होती. २०२० पासून ती दोन ते अडीच ग्रॅमवर आली आहे. त्यामुळे शेगडीच्या वरच्या भागात तापलेली जादा हवा सोडणाऱ्या छिद्रांच्या नळ्या आल्या, किंवा धुराच्या वाटेत उत्प्रेरकाचा थर दिलेली जाळी आली. अशा जाळीमुळे धूर सहाशेऐवजी अडीचशे-तीनशे अंशांनाही जळू शकतो, आणि मंद आगीवर रात्र काढणे प्रथमच थोडे स्वच्छ झाले.

माँटाना राज्यातील लिबी या लहान गावाची हकिगत पंचायत सदस्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. अरुंद खोऱ्यातील या गावाची हवा हिवाळ्यात लाकडाच्या धुराने बिघडत असे. २००५ पासून पुढील तीन वर्षांत तेथील सुमारे अकराशे जुन्या शेगड्या अनुदान देऊन बदलण्यात किंवा सुधारण्यात आल्या. हिवाळ्यातील हवेतील सूक्ष्म कण चतुर्थांशाहून अधिक घटले. आपल्याकडे १९८३ साली सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने निर्धूर चुली घरोघर पोचविल्या. परंतु धुराड्याची नळी तुंबली की ती साफ कोणी करावयाची, हे अनेक गावांत कोणाचेच काम ठरले नाही, आणि चूल पुन्हा पूर्वीसारखी धुपू लागली. स्वयंपाकाचा गॅस आल्यानंतरही स्नानाचे पाणी खेड्यांत मोठ्या प्रमाणावर लाकडावरच तापते, तेव्हा हा विषय जुना झालेला नाही.

धूर नसलेला धोका

झडप पूर्ण का मिटू नये, याचे कारण कार्बन मोनॉक्साइड हा वायू होय. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की तो निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झडप किंवा धुराडे बंद झाले की हा वायू वर जाण्याऐवजी खोलीत शिरतो. रशियात ऊब बाहेर जाऊ नये म्हणून निखारे पुरते विझण्यापूर्वीच धुराड्याची झापड लावण्याची चूक इतकी वारंवार होई, की या विषबाधेला तेथील भाषेत स्वतंत्र शब्द आहे. विख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा सप्टेंबर १९०२ मध्ये पॅरिस येथे याच कारणाने मृत्यू झाला. शयनगृहातील शेगडीचे धुराडे तुंबलेले होते.

सर्वसाधारण समजूत अशी, की धूर आहे तोवर भीती, निखारे लाल झाले की खोलीत न्यावयास हरकत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. धुराने डोळे चुरचुरतात, माणूस खोकतो आणि उठून दार उघडतो. धगधगत्या निखाऱ्याची घमेली कोणालाही जागे करीत नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून, फटींना कापड खुपसून बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. थंडीच्या लाटेत वस्तीच्या शाळांत, पहारेकऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्यांत, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत घमेल्यात निखारे घेऊन निजण्याचेही प्रकार घडतात. शेकावयाचे ते जागेपणी आणि दार किलकिले ठेवून. निजण्यापूर्वी शेगडी बाहेर गेलीच पाहिजे. बाहेर काढलेली राखही झाकण असलेल्या लोखंडी बादलीत, गंजीपासून दूर ठेवावी लागते, कारण तिच्या पोटातील निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो.

डोके जड होणे, मळमळ, चक्कर आणि पाय लटपटणे ही या विषबाधेची लक्षणे होत. एकाच खोलीत निजलेल्या दोघा-तिघांना सकाळी ती एकदम दिसली तर अन्नातून विषबाधा झाली असावी, असाच तर्क बहुधा केला जातो. रोग्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणून, बरे वाटू लागले तरीही, प्राणवायू देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात नेले पाहिजे. आणि खोलीत रात्री शेगडी होती, हे डॉक्टरांना न विसरता सांगितले पाहिजे. २०२० च्या साथीनंतर बोटाला लावावयाचे प्राणवायूमापक यंत्र अनेक ग्रामपंचायतींत व आरोग्य उपकेंद्रांत आले आहे. या प्रसंगी त्यावर विसंबू नये. साध्या यंत्राला प्राणवायू घेतलेले आणि कार्बन मोनॉक्साइड घेतलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे रोगी अत्यवस्थ असतानाही त्यावर अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव असा आकडा दिसू शकतो.